मंडळी मागून येतेय

कुपवाडला आमच्या शेडची सुट्टी सोमवारी असते. सगळं जग रविवारी लोळत पडलेलं असतं तेव्हा मी पंपाच्या कास्टिंगची भोकं गेजनं तपासत असतो, आणि जग कामाला लागलं की मी सांगलीत घरी बसून विचार करतो, आज कुणाकडं जावं? जाता कुणाकडंच येत नाही, कारण सगळे कामावर. त्यामुळं सोमवारची सकाळ आणि सिनेमा यांची माझ्या आयुष्यात फार जुनी गाठ आहे. सोमवारी सकाळी तिकिटाला रांग नसते, पुढच्या खुर्चीत उंच माणूस नसतो, मागं रडणारं पोर नसतं. हल्ली अडचण एवढीच झालीय, की माणूसच नसतो. आणि माणूस नसला की खेळही नसतो.

हे नवीन निघालंय. पूर्वी हॉलमध्ये चार डोकी असली तरी पिक्चर लागायचा. आता आमच्याकडच्या त्या जुन्या थेटरात (नाव सांगत नाही, बिचारं आधीच मोडकळीला आलंय) किमान पाच तिकिटं खपली तरच मशीन सुरू होतं. नाहीतर पैसे परत आणि जावा घरी. गेल्या वर्षभरात मी असा कितीतरी वेळा घरी आलोय. पिक्चर बघायला बाहेर पडायचं आणि पोस्टर बघून परत यायचं. पोस्टरवरून मत बनवण्यात मी आता इतका तरबेज झालोय, की शेडमध्ये लोक मला विचारतात, आणि मी छातीठोक सांगतो, "पहिला भाग बरा हाय, दुसऱ्या भागात उगं ताणलंय." आजवर एकदाही चुकलेलो नाही. हल्लीचे पिक्चर मलाच बघून काढतात की काय कोण जाणे.

तर अशात तो पिक्चर लागला. म्हणजे पिक्चर नव्हेच, आमच्या बँडचा कार्यक्रम होता. आमच्या म्हणजे माझ्या. विलायतेतला रॉक बँड, आता सगळे म्हातारे झालेले, आणि निरोपाच्या कार्यक्रमाचं हे चित्रण. असला प्रकार सांगलीत कसा आला ते मला आजही कोडं आहे. बहुधा कुणीतरी चुकून पाठवला असावा. रोज सकाळचा एकच खेळ, आठवडाभर. त्यात माझा सोमवार एकच.

या बँडशी माझी ओळख साताऱ्याची. मी तिथं कॉलेजला होतो आणि खोलीत राहणाऱ्या दोस्ताचा मामा बोटीवर होता. त्यानं एक कॅसेट पाठवली. दोस्त गावी गेल्यावर मी ती त्याच्या टेपवर लावली, आणि पहिल्याच मिनिटाला घाबरून बंद केली. गिटारचा आवाज असा खरखरीत, चिरफाळलेला, की मला वाटलं, मेल्या, दोस्ताच्या टेपचा स्पीकर फाडलास. तसाच टेप काखेत मारून दुरुस्तीवाल्याकडं गेलो. त्यानं ऐकलं, मान डोलावली, म्हणाला, "फाटलाय." नवा स्पीकर टाकला. तरी तेच. दुसरा टाकला. तरी तेच. मग त्यानं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि मला म्हणाला, "गड्या, स्पीकर चांगला हाय. ह्यांचं गाणंच फाटलंय."

ते फाटकं गाणं मला मात्र चिकटलं ते चिकटलंच. नंतर विचार केला तेव्हा उमगलं, की हा आवाज काही परका नव्हता. माझं गाव कोरेगाव. आमच्याकडं वरातीला बेंजो पार्टी असायची. बेंजोची वायर कर्ण्याला जोडलेली, आणि वाजवणारा रंगात आला की तो कर्णा असाच फाटायचा. विलायतेतल्या पोरांनी लाखो रुपये घालून जे केलं, ते आमच्या बेंजोवाल्याकडं फुकटात होत होतं. त्याला कुणी सांगितलं नाही, एवढंच.

लग्न झाल्यावर बायकोला घेऊन मी साताऱ्यातच भाड्याच्या खोलीत संसार मांडला. पहिल्याच आठवड्यात तिला इंग्रजी पिक्चरला नेलं. तिच्यावर छाप पाडायची होती. ती सुरुवातीची नावं संपायच्या आत झोपली. नुसती झोपली नाही, घोरली. पुढच्या रांगेतल्यांनी वळून माझ्याकडं बघितलं, कारण नव्या नवरीवर कोण आळ घेणार? दिवे लागले तशी ती उठली, पदर सारखा केला, खुर्चीखाली पर्स चाचपली आणि एखाद्या परीक्षकासारखं म्हणाली, "शेवट चांगला केलाय."

पुढची तीसेक वर्षं प्रत्येक इंग्रजी पिक्चरवर तिचं हेच परीक्षण. आणि माझ्या गाण्यांवर एकच, "अहो, भांड्यांची मांडणी पडली वाटतं." स्वयंपाकघरातून हाक यायची, "आवाज कमी!" मी कमी करायचो. ती वळली की वाढवायचो. पुन्हा हाक. असं भांडत भांडत टीव्हीच्या आवाजाच्या आकड्यावर आमचा तह झाला, अठरा. अठराच्या वर गेलो की ती यायची, अठरावर असलो की ती भाकरी थापत ऐकून घ्यायची. कधीकधी भाकरीची थाप बरोबर ड्रमच्या ठोक्यावर पडायची. हे मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं थापायचं थांबवलं असतं.

ती जाऊन आता दोन वर्षं झाली. आजार मोठा होता, दवाखाना लांबला, ते सगळं सांगत बसत नाही.

मुलगी पुण्याला असते. तिनं तिच्या त्या मालिकांच्या ॲपचा पासवर्ड मला दिलाय. वारसा उलटा चाललाय, पण चांगला चाललाय. मला झोप लागत नाही, म्हणून मी मालिका बघतो. तीन-चार भाग सलग झाले की पडद्यावर प्रश्न येतो, तुम्ही अजून बघताय का? घरात माझी चौकशी करणारा आता तेवढा एकच. मी मोठ्यानं म्हणतो, "व्हय बाबा, बघतोय," आणि बटण दाबतो.

हल्ली मालिका सगळ्या कादंबऱ्यांवरच्या. आमच्या घरात कादंबरी वाचणारी ती, मी नुसता बघणारा. एक मालिका आम्ही दोघांनी मिळून बघायला घेतली होती. दर दहा मिनिटांनी तिचं सुरू व्हायचं, "पुस्तकात असं नाही." "पुस्तकात हा एवढा गोरा नाही." "पुस्तकात ही सासू मरते, यांनी ठेवलीय." मी वैतागायचो. बघू दे की गं, म्हणायचो. दुसरा हंगाम आला तेव्हा ती नव्हती. मी एकटा बघायला बसलो, आणि दहा मिनिटं झाली, वीस झाली, कुणी काही बोलेना. मालिका एकदम सपक लागायला लागली. खरं सांगायचं तर या रूपांतरांमध्ये निम्मी मजा पुस्तकाशी भांडायचीच असते. भांडण नसेल तर ती नुसती चांगले कपडे घातलेली माणसं आहेत.

म्हणून मी ठरवलं, पुस्तक आपणच वाचायचं. वाचनालयातून आणलं. वाचायची सवय नाही, पण नेट लावून दोनशे पानं वाचली. मालिकेतला एकही माणूस भेटेना. गाव वेगळं, काळ वेगळा, सासूचा पत्ता नाही. मला वाटलं, हल्लीची रूपांतरं अशीच असतात. शेडमध्ये दोन दिवस तावातावानं सांगत होतो, की या लोकांनी पुस्तकाची पार वाट लावली. पुस्तक परत करताना वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, "आवडलं? याच नावाची दुसरी एक कादंबरी आहे बघा, तिच्यावर ती मालिका आलीय."

अशी माझी रसिकता.

बरं, आता घरात आवाज कितीही वाढवायला मोकळीक. कुणी हाक मारणार नाही. पण बोट अठरावर गेलं की थांबतं. एकदा जोर करून पंचवीसवर नेलं, तर मी स्वतःच चोरासारखं स्वयंपाकघराच्या दाराकडं बघायला लागलो. गाणं संपेपर्यंत बघतच होतो. मग परत अठरा.

त्यात आमच्याकडची रीत. ज्या घरात माणूस गेलंय, त्या घरापुढनं वाजवत जायचं नाही. ती गेली त्या वर्षी गणपतीची मिरवणूक आमच्या गल्लीत आली. कोपऱ्यापर्यंत भिंती हादरवत आली, आणि आमच्या दारापुढं एकदम चूप. नुसती माणसं मान खाली घालून चालत गेली, ट्रॅक्टर फटफटत गेला, आणि पुढच्या कोपऱ्यावर पुन्हा धडाका. गल्लीत ज्याला आवाजाची खरी हौस होती, असा मी एकटा माणूस गॅलरीत उभा, आणि माझ्याच दारापुढं आवाज बंद. वाटलं ओरडावं, वाजवा रं! पण ओरडलो असतो तर लोकांनी डॉक्टर बोलावला असता.

म्हणून तो पिक्चर लागल्याचं कळलं तेव्हा माझ्या मनात एकच आलं. थेटरात आवाजाचं बटण आपल्या हातात नसतं. तिथं अठरा नाही. एकदा, एकदाच ती गाणी पुऱ्या आवाजात छातीवर घ्यायची. आणि तिनंही कबूल केलं होतं, अशीच एकदा चेष्टेत, "तुमची ती भांडी कधी थेटरात लागली तर येईन. झोपणार नाही, शप्पथ."

प्रश्न पाच तिकिटांचा. शेडमध्ये टर्नर आहे एक, त्याला म्हणालो, "चल की सोमवारी पिक्चरला. तिकीट माझं."

"गाणी हायत का?"

"सगळी गाणीच हायत."

"फायटिंग?"

"न्हाई."

"हिरॉईन तरी?"

"चार म्हातारे हायत."

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. "काका," तो म्हणाला, "म्हातारं बगायला तिकीट कशाला काढायचं? घरात दोन हायत की."

शेवटी मी पाचही तिकिटं मीच काढली. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. एका रांगेतल्या सलग पाच खुर्च्या. पाचही माझ्या. आयुष्यात पहिल्यांदा जमीनदार झाल्यासारखं वाटलं.

दारावर डोअरकीपर होता. औंधाकडचा माणूस, मिलिटरीतून पेन्शनवर आलेला, मिशी अजून ड्युटीवर. त्यानं पाच तिकिटं बघितली, माझ्या मागं बघितलं, आणि विचारलं, "मंडळी कुठाय?"

आता बघा, मराठी भाषेनं माणसाचा असा घात करावा! त्याला म्हणायचं होतं, बाकीची माणसं कुठायत. पण आमच्याकडं जुनी माणसं बायकोलाही मंडळीच म्हणतात. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत प्रत्येक थेटराच्या दारात मला हा प्रश्न कुणी ना कुणी विचारलेला, कारण मी नेहमी पुढं आणि ती नेहमी मागं, गजरा घेत, चप्पल सारखी करत. उत्तर तोंडात तयारच होतं. निघून गेलं.

"येतेय मागनं. चप्पल तुटली तिची."

"असं व्हय. वैनी हायत." त्याचा चेहरा मऊ झाला. "येऊ द्या, येऊ द्या. काय घाई न्हाई. आन बाकीची?"

"ती आली की येतील," मी म्हणालो. एक खोटं पडलं की दुसरं त्याला हात द्यायला धावतंच.

आत जाऊन बसलो. जाहिराती झाल्या. पडदा पांढरा. पाच मिनिटं पांढरा, दहा मिनिटं पांढरा. वर पंख्यापाशी कबुतर घुमत होतं. मी बाहेर आलो.

"का हो, सुरू नाही करत?"

"वैनींसाठी थांबवलाय," तो म्हणाला. "ऑपरेटरला सांगितलं, मंडळी आल्याबिगर चालू करायचा न्हाई. बाईमानसाचं सुरुवातीचं चुकलं की तिला पुढचं कायबी कळत न्हाई."

त्यानं खुर्ची दिली. मी पायरीशी बसलो आणि गेटकडं बघायला लागलो. बघितलं नाही तर बरं दिसणार नाही. रस्त्यावरनं रिक्षा गेली की तो म्हणायचा, "आल्या काय?" मी उठून बघायचो. "न्हाई, दुसऱ्या कुणी हायत." असं दोन-तीनदा झाल्यावर मलाच खरं वाटायला लागलं. पुढची रिक्षा आली तेव्हा मी त्याच्या आधी उठलो.

"फोन तर लावा," तो म्हणाला.

मी फोन काढला. कुणाला लावणार? नुसताच कानाला लावला. "हां. कुठवर आलीस? बरं. बरं. सावकाश ये. न्हाई, सुरू न्हाई झाला, थांबवलाय तुझ्यासाठी." बोलता बोलता बंद करवेना. "समोसे हायत इथं. हां, गरम. आणि स्वेटर आण, आत गार असतं." डोअरकीपर कौतुकानं ऐकत होता. मी फोन खिशात ठेवला आणि आता हे कुठंतरी संपवायला पाहिजे म्हणून सांगितलं, "येत न्हाई म्हणते."

"आं? का?"

"रुसलीय."

इथं मला वाटलं, सुटलो. तो म्हणेल, बसा मग एकटेच. पण तो माणूस पलटणीत दुसऱ्यांचे संसार सांभाळून आलेला. तो माझ्याजवळ उकिडवा बसला.

"आवं सायब, मग हितं काय करताय? घरी जावा. पिक्चर कुटं पळत न्हाई. मी वीस वर्सं घराभाईर काढली, मला इचारा. बायकू रुसली तर आदी घर गाठायचं. पैसं मी देतो काढून परत. ए ऑपरेटर! क्यान्सल कर रं!"

"आवं थांबा!" मी ओरडलो. माझा एकुलता सोमवार, माझे चार म्हातारे, आणि हा माणूस मला बायकोची समजूत काढायला घरी पाठवत होता. आणि घरी काय होतं? "घरी न्हाई ती."

"म्हायेरी गेल्या?"

"न्हाई हो. मंडळी… गेली."

त्यानं टोपी काढली. उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला आत खुर्चीपर्यंत सोडून गेला.

पिक्चर सुरू झाला. पडद्यावर हजारो माणसं हात वर करून नाचताहेत, धूर, दिवे, माझा गिटारवाला मान मागं टाकून तार ओढतोय, आणि आवाज? शेजारच्या घरात कुणीतरी रेडिओ लावावा तेवढा. कबुतराचं घुमणं त्याच्यापेक्षा मोठं. मी कान टवकारले. मग ओळखीचं काहीतरी वाटलं. अगदी बरोबर अठरा होता.

बाहेर आलो. तो दारातच उभा होता, टोपी अजून हातात.

"आवाज फार बारीक आहे हो."

"मीच सांगितलं कमी करायला," तो हळू आवाजात म्हणाला. "दुखवट्याचं मानूस आत बसलंय, आन ह्यो धांगडधिंगा. बरं दिसत न्हाई. आजून कमी करू का?"

"न्हाई, वाढवा. पूर्ण वाढवा. आता दोन वर्षं झाली त्याला."

"दोन वर्सं?" तो माझ्याकडं बघत राहिला. मिशी जरा हलली. "मग मगाशी फोनवर कोन हुतं?"

मी खाली बघितलं. त्याच्या बुटांना छान पॉलिश होतं. समोसेवाल्यानं तेल बदललं नव्हतं, त्याचा वास येत होता. काहीतरी सांगायला पाहिजे होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला थाप सुचली नाही.

त्यानंही फार वाट बघितली नाही. टोपी डोक्यावर ठेवली. "वाढवतो," म्हणाला आणि जिन्यानं वर गेला.

मी खुर्चीत येऊन बसलो आणि आवाज चढायला लागला. आधी पावलांत आला, मग खुर्चीच्या पाठीत, मग छातीत. कबुतर उडून गेलं. चौघे म्हातारे असे वाजवत होते, जसं काही त्यांना उद्या कुठं जायचंच नव्हतं. ते फाटकं गाणं, ज्याच्यापायी मी दोन स्पीकर बदलले होते, ते इतकं मोठं, इतकं चारही बाजूंनी भरून आलं, की त्यात दुसऱ्या कुठल्या हाकेला जागाच राहिली नाही. मी डोळे मिटले. जरा नीट ऐकावं म्हणून मिटले.

"सायब. ओ सायब."

खांद्यावर बॅटरी टकटक करत होती. दिवे लागलेले. पडदा पांढरा. माझी हनुवटी छातीवर आणि सदऱ्याची गुंडी ओली.

"उठा. संपला," तो म्हणाला. "मी मदी दोनदा येऊन गेलो. एवढ्या आवाजात, मर्दा, तुमी घोरत हुता."

मी उठलो. सवयीनं वाकून शेजारच्या खुर्चीखाली हात घातला, पर्स राहिली का बघायला. तो बॅटरीचा उजेड पाडून उभा राहिला, मी काय शोधतोय ते न विचारता. मग दारापर्यंत बरोबर आला. बाहेर ऊन रणरणत होतं आणि सगळं जग कामाला लागलेलं होतं.

"कसा हुता पिक्चर?" त्यानं विचारलं.

मी सदरा सारखा केला.

"शेवट चांगला केलाय," म्हणालो.